‘भरपूर पाणी प्या’

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आरोग्यातली वांशिक विषमता आणि ती कमी करण्यात वस्तीतल्या माणसांचा वाटा, या विषयावर मी आज बोलणार आहे. विषय अमेरिकेतला वाटेल, आणि मी सांगणार असलेले बरेच आकडे तिकडचेच आहेत. पण सुरुवात मी आपल्या नदीकाठच्या एका वस्तीपासून करते, कारण मला हा विषय शिकवला तो तिथल्या एका मावशींनी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नवी डॉक्टर होते. आठवड्यातून एकदा वस्तीतल्या समाजमंदिरात दवाखाना चालवायचे. एक टेबल, दोन खुर्च्या, बीपीचं मशीन, औषधांची एक पेटी. येणाऱ्या बायकांच्या तक्रारी ठरलेल्या असत: लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, अंगात कणकण. मी पाच दिवसांच्या गोळ्या द्यायचे आणि चिठ्ठीच्या शेवटी लिहायचे, ‘भरपूर पाणी प्या’. महिना-दीड महिन्यानं त्याच बायका तीच तक्रार घेऊन परत यायच्या. मग मी तेच वाक्य लाल शाईनं लिहायला लागले, खाली रेघ मारून. माझ्या रजिस्टरात मी त्यांच्या नावापुढे शेरा मारायचे: ‘सल्ला पाळत नाही.’

एका दुपारी कचरा वेचणाऱ्या एक मावशी आल्या. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या माझ्या तीन चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर मांडल्या. म्हणाल्या, “बाई, नातीनं वाचून दाखवलं. तिन्हीवर एकच लिवलंय. पाणी प्या. प्याले मी. पन मंग जायाचं कुठं?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी मला उठवलं आणि वस्तीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापाशी नेलं. बायकांच्या बाजूला काही दारं कायमची बंद होती. एकाला दार होतं पण आतली कडी नव्हती. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. दिव्याच्या जागी नुसती वायर लोंबत होती. अंधार पडल्यावर कुणी एकटी तिकडे जात नसे. म्हणून दुपारी चारनंतर बायका पाणीच पीत नव्हत्या. सकाळचं तर त्याहून अवघड. मावशी पहाटे बाहेर पडत, दिवसभर शहर पालथं घालत. हात घालायला प्रत्येक चौकात कचराकुंडी होती, पण जायला जागा एकही नव्हती. शेजारची धुण्याभांड्याची कामं करणारी बाई म्हणाली, “ताई, ज्यांचं बाथरूम मी रोज घासते, त्यांच्याकडं मला जायाला परवानगी नाही.”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ते रजिस्टर उघडलं. ‘सल्ला पाळत नाही.’ पानंच्या पानं तो शेरा होता. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्या नावावर लिहून ठेवली होती.

पुढे वाचन वाढलं तेव्हा कळलं, की माझ्या तीस वर्षं आधी अमेरिकेतल्या एका डॉक्टरला हाच धडा मिळाला होता. मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचं गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांनी १८८७ मध्ये वसवलेलं. आजूबाजूला कापसाची शेतं, आणि यंत्रं आल्यावर त्या शेतांवरून हाकललेली मजूर कुटुंबं. १९६७ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या डॉ. जॅक गायगर यांनी तिथे लोकांचा दवाखाना सुरू केला. मुलं यायची ती जुलाब आणि कुपोषण घेऊन. गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठीवर औषधांऐवजी दूध, मांस, भाज्या लिहायला सुरुवात केली. लोकांनी ती चिठ्ठी दुकानात दाखवायची, माल न्यायचा आणि बिल दवाखान्याच्या औषधखात्यावर टाकायचं. वरून विचारणा झाली, की हे पैसे औषधांसाठी आहेत ना? गायगर यांचं उत्तर होतं, की वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावर एकच उपाय दिलाय, आणि तो म्हणजे अन्न.

हा किस्सा बरेच जण सांगतात आणि इथेच थांबतात. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. दवाखान्यानं गावोगाव आरोग्य समित्या उभ्या केल्या, आणि त्या समित्यांनी आपली निकड स्वतः सांगितली: विहिरी, संडास, घराची गळकी छपरं, म्हाताऱ्यांसाठी वाहन. आणि लोक म्हणाले, किती दिवस चिठ्ठीवर अन्न घ्यायचं? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहोत, आम्हाला जमीन मिळवून द्या. त्यातून त्यांची सहकारी शेती उभी राहिली. गायगर हे सगळं दक्षिण आफ्रिकेत शिकून आले होते. तिथे पोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्यानं १९४० मध्ये झुलू वस्तीत असंच केंद्र उभं केलं होतं. म्हणजे ही विद्या आफ्रिकेतून अमेरिकेत गेली. ती अमेरिकेची देणगी आहे असं आपण समजू नये.

आता थोडे आकडे. थोडेच सांगते, पण मनात ठेवा. अमेरिकेत २०२१ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे २६.६ गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय मातांमध्ये हाच आकडा ६९.९ होता. अडीचपटीहून जास्त. देश तोच, आणि जगात आरोग्यावर सगळ्यात जास्त खर्च करणारा.

हे ऐकल्यावर पुष्कळांच्या मनात येतं, की काहीतरी शरीरातच फरक असेल. रक्तदाबाचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना रक्तदाब जास्त असतो, म्हणून तो त्यांच्या रक्तातच आहे असं डॉक्टर वर्षानुवर्षं मानत आले. रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात एकाच मुळाच्या लोकांना तीन ठिकाणी तपासलं. पश्चिम आफ्रिकेत उच्च रक्तदाबाचं प्रमाण १६ टक्के निघालं, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि शिकागोजवळ ३३ टक्के. पूर्वज एकच. गुलाम म्हणून जहाजातून नेलेली माणसं जिथे उतरवली, तिथलं अन्न, तिथलं काम, तिथला अपमान रक्तदाबात उतरला.

आपल्याकडचं काय? २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून केलेला. महाराष्ट्र त्यात नव्हता. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं सरासरी आयुष्य चार वर्षांहून जास्त कमी भरलं, दलितांचं तीन वर्षांहून जास्त, मुसलमानांचं सुमारे एक वर्ष. “गरिबी आहे हो, जात कशाला आणता?” असं मला नेहमी विचारलं जातं. त्या अभ्यासात त्याचंही उत्तर आहे. आर्थिक स्थितीतला फरक बाजूला काढला, तरी या दरीचा निम्म्याहून जास्त भाग उरतोच.

वंश आणि जात एकच आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचे इतिहास वेगळे आहेत. पण नातं ओळखायला आपल्याला बाहेर कुणाकडे जावं लागत नाही. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. गंजपेठेतल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी दिसलेलं हे नातं आपण आज नाकारलं तर ती आपली पिछेहाट होईल.

आता एका वर्षाविषयी बोलते. १८९७.

या सालचा प्लेग पुणेकरांना पाठ आहे. रँड, गणेशखिंडीचा रस्ता, २२ जूनची रात्र. मला त्यातल्या फक्त दारांबद्दल बोलायचंय. प्लेग खरा होता, माणसं पटापट मरत होती, आणि रुग्णाला वेगळं ठेवण्यामागे वैद्यकीय कारणही होतं. पण १३ मार्चपासून पुण्याची दारं ठोठावली ती सैनिकांनी. घरात घुसून झडती, बायकांची तपासणी, सामानसुमान बाहेर काढून त्याची होळी. साहजिकच लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. माळ्यावर, कोठीत, जागा मिळेल तिथे. दडपशाहीनं आजार शोधायला निघालं की आजार दडतो.

याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई गेल्या. त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथवर आणलं. मुलगा वाचला, त्यांना लागण झाली. त्यांच्याबद्दल आपण नेहमी त्याग म्हणून बोलतो, आणि तो होताच. पण डॉक्टर म्हणून मला दुसरं काही दिसतं. प्लेगच्या त्या भयानं शहर पछाडलेलं असताना एका आईनं आपलं मूल या बाईंच्या पाठीवर दिलं. का दिलं? कारण पन्नास वर्षं या बाई त्यांच्या वस्तीत येत-जात होत्या. शाळा काढली होती, घरातला पाण्याचा हौद खुला केला होता, दुष्काळात जेवण घातलं होतं. तो विश्वास प्लेग आल्यावर जमवलेला नव्हता.

आणि त्याच साली फिलाडेल्फिया शहरात एक तरुण अभ्यासक कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहून एकेक दार ठोठावत होता. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस. सुमारे अडीच हजार घरांत तो स्वतः गेला. घरभाडं किती, खोल्या किती, पाणी कुठून येतं, पोरं किती गेली, असं बसून विचारलं. काळी माणसं जास्त मरतात ती वंशामुळे नाही तर कोंदट घरं, घाण पाणी आणि अपुऱ्या मजुरीमुळे, हे त्यानं तेव्हा मांडलं. कूपर यांच्या कितीतरी आधी. वैद्यकशास्त्रानं ऐकलं नाही.

हे सगळं सांगते कारण वस्तीतल्या माणसांच्या अविश्वासाला आपण फार सहज ‘अज्ञान’ म्हणतो. बहुतेक वेळा ते अज्ञान नसतं, आठवण असते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे सरकारच्या आरोग्य खात्यानं १९३२ मध्ये ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक ‘अभ्यास’ सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही. ‘तुमचं रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. पेनिसिलीन आलं, चाळीसच्या दशकाअखेर ते सर्रास मिळायला लागलं, तरी यांना दिलं नाही. उपचार न केल्यास आजार कसा वाढतो ते बघायचं होतं. चाळीस वर्षं हे चाललं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत आलं तेव्हा थांबलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली १९९७ मध्ये. त्या माणसांच्या नातवंडांनी सरकारी लशीकडे संशयानं पाहिलं तर त्यांना अडाणी म्हणायचं?

आपल्याकडे आणीबाणीतली नसबंदी आठवा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, उद्दिष्टं ठरवून दिलेली, आणि उचलून नेलं जायचं ते गरिबांना. पुढे कितीतरी वर्षांनी पोलिओचे डोस घेऊन आम्ही वस्त्यांत गेलो, तेव्हा आयांनी पोरं पदराआड घेतली. एका आजीनं मला विचारलं, “यानं पोराला पुढं पोरं व्हनार ना?” मी तेव्हा घाईत होते, मला राग आला. आज वाटतं, तिचा प्रश्न अगदी रास्त होता. तिच्या घरातल्या माणसाला कुणीतरी गाडीत घालून नेलं होतं, आणि तेही आरोग्याच्याच नावानं.

दवाखान्याच्या आत काय होतं, हेही बोललं पाहिजे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आणि निवासी डॉक्टरांचा एक अभ्यास झाला. काळ्या माणसांची कातडी जाड असते, अशा खोट्या समजुतींपैकी निदान एखादी तरी त्यांच्यातल्या निम्म्या जणांना खरी वाटत होती. आणि अशा समजुती बाळगणारे डॉक्टर काळ्या रुग्णाच्या वेदना कमी मोजत होते. हे वाचताना मला माझी प्रसूतिगृहातली उमेदवारी आठवली. एक पारध्यांची मुलगी, वय असेल एकोणीस, कळांनी ओरडत होती. टाके घालताना भूल दिली नव्हती. मी विचारलं, तर वरिष्ठ म्हणाले, “यांना सवय असते.” मी गप्प बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. ती मुलगी पुढच्या बाळंतपणाला दवाखान्यात आली असेल का? मला वाटत नाही. आणि सरकारी नोंदीत तिच्यापुढे कारण काय लागलं असेल? ‘जनजागृतीचा अभाव.’

यंत्रंसुद्धा यातून सुटत नाहीत. कोरोनात आपण घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतून अभ्यास आला, की हे यंत्र काळ्या कातडीवर चुकतं. रक्तातला प्राणवायू घसरलेला असताना यंत्र ‘ठीक आहे’ सांगतं, हे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. सावळ्या आणि काळ्या माणसांच्या या देशात त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर मग करायचं काय? ‘जनजागृती करा’ हे उत्तर सगळ्यात आधी येतं. फलक लावा, पथनाट्य करा, माहितीपत्रकं वाटा. मी स्वतः हे पुष्कळ केलंय. त्यावर मी एक प्रयोग जरा सविस्तर सांगते, कारण तो नीट वाचला तर आपल्या बऱ्याच समजुती हलतात.

लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीयांची केशकर्तनालयं. आपल्याकडे वस्तीतलं सलून असतं तशीच. पुरुष दर पंधरवड्याला येतात, गप्पा मारतात, वर्षानुवर्षं एकाच न्हाव्याकडे जातात. डॉक्टरकडे न जाणारा माणूसही न्हाव्यासमोर मान वाकवून बसतो. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी अशी ५२ दुकानं निवडली आणि रक्तदाब वाढलेले ३१९ पुरुष घेतले. दुकानांचे दोन गट केले. एका गटात न्हाव्यानं गिऱ्हाइकाला समजावायचं, की मीठ कमी कर, डॉक्टरकडे जा. दुसऱ्या गटात न्हाव्यानं गाठ घालून द्यायची ती औषधशास्त्रात प्रशिक्षित फार्मासिस्टशी, जो दुकानातच येऊन बसायचा, तिथेच रक्तदाब मोजायचा आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध सुरू करायचा, वाढवायचा, बदलायचा.

सहा महिन्यांनी काय झालं? पहिल्या गटात वरचा रक्तदाब सरासरी ९ नं उतरला. दुसऱ्या गटात २७ नं. पहिल्या गटातल्या सुमारे १२ टक्के लोकांचा रक्तदाब १३०/८० च्या खाली आला, दुसऱ्या गटात जवळजवळ ६४ टक्के लोकांचा. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता नीट बघा. न्हावी दोन्ही गटांत होते. विश्वास दोन्हीकडे होता. आपुलकीनं सांगणं दोन्हीकडे होतं. फरक पडला तो उपचार करण्याचा अधिकार खुर्चीपाशी आणून ठेवल्यामुळे. नुसतं ‘लोकांचा माणूस’ हाताशी धरून त्याच्या तोंडून आपला सल्ला वदवून घेतला, तर फायदा होतो, पण थोडा. वस्तीतला विश्वास आणि दवाखान्यातला अधिकार एका जागी आले, तर तिप्पट होतो. माझं आजचं सगळं म्हणणं याच एका फरकावर उभं आहे.

आपल्याकडे हे झालेलं नाही असं नाही, आणि तेही या न्हाव्यांच्या प्रयोगाच्या कितीतरी आधी. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. तिथे हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, निरक्षर होत्या, काही टाकलेल्या होत्या. सवर्णांच्या घरात ज्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता, त्याच बायका पुढे त्या घरांतली बाळंतपणं करायला लागल्या. आणि पाण्याची गोष्ट तर मी प्रत्येक सभेत सांगते. कूपनलिका घ्यायच्या होत्या. आरोळ्यांनी त्या दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथे यायचं. शिवाशिव पाळू नका असं भाषण न देता त्यांनी पंपाची जागा ठरवली. पुढे नव्वदच्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा तिशीच्या खाली होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. डॉक्टर मंडळींना ते अजिबात रुचलं नव्हतं. १९९९ मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. पुन्हा तेच. सुई हातात दिली, नुसतं माहितीपत्रक दिलं नाही.

या कामातूनच पुढे २००५ मध्ये आशा आल्या. त्यांच्याबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. आपण आशाताईला ‘स्वयंसेविका’ म्हणतो, कारण तसं म्हटलं की पगार द्यावा लागत नाही. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, टीबीचं औषध, कोरोनातली घरोघरची तपासणी, सगळं तिच्या अंगावर, आणि मोबदला कामागे मोजून. लोकसहभाग म्हणजे गरीब बायकांची फुकटची मेहनत नव्हे. ज्या दिवशी आशाताईच्या सूचनेवरून दवाखान्याची वेळ बदलेल, औषधांची यादी बदलेल, त्या दिवशी मी त्याला सहभाग म्हणेन. महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच नजर ठेवण्याचं काम २००७ पासून झालं. त्यात जनसुनवाया होत. गावातली बाई माइक हातात घेऊन डॉक्टरसमोर सांगायची, की औषध बाहेरून आणायला लावलं, पैसे घेतले. मी अशा काही सुनवायांत श्रोत्यांत बसलेय. पहिली पाच मिनिटं तिचा आवाज कापत असतो. नंतर तो कापायचा थांबतो. मांडवातली इतर माणसं मान वर करून बघायला लागतात.

आता परत वस्तीत येते.

मावशींनी मला तो संडास दाखवला त्या आठवड्यात मी बायकांची बैठक घेतली. मी ठरवून गेले होते, की संसर्ग कसा होतो ते चित्रांनी समजावायचं. त्यांनी चित्रं बघितली आणि बाजूला ठेवली. मग त्यांनी वेगळंच काम काढलं. दोघीदोघींनी पाळी लावून दिवसभर मोजलं: किती दारं चालू, कुठल्या वेळी रांग किती, पाणी किती वाजता जातं. वहीवर रेघा मारून, कारण लिहिता फार थोड्यांना येत होतं. कडी त्यांनी स्वतःच हार्डवेअरच्या दुकानातून आणली आणि एकीच्या नवऱ्याकडून बसवून घेतली. दिव्यासाठी मात्र कचेरीत जावं लागणार होतं. मी म्हटलं, मी येते, मी बोलते. मावशी म्हणाल्या, “तुमी या. पन मागं बसा.”

मी मागे बसले. साहेबांनी विचारलं, तुमच्यातली पुढारी कोण? त्या म्हणाल्या, सगळ्याच. वही पुढे केली. साहेबांनी वही उलटीसुलटी केली आणि पुढच्या सोमवारी या म्हणाले. त्या पुढच्या सोमवारी गेल्या. त्याच्या पुढच्याही. रोजगार बुडवून. पावसाळा संपता संपता दिवा लागला, दोन दारं दुरुस्त झाली. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर ती जुनी तक्रार घेऊन येणाऱ्या बायका कमी झाल्या. गोळ्या त्याच होत्या, चिठ्ठीही तीच होती.

मावशी आता नाहीत. त्यांची ती चिठ्ठ्या वाचून दाखवणारी नात आज त्याच भागात आशा आहे. गेल्या महिन्यात मी वस्तीतल्या बैठकीला मधुमेहाची तपासणी सुचवायला गेले होते. पट्ट्या, मशीन, सगळं पिशवीत घेऊन. ती म्हणाली, “मॅडम, तपासणी करू, पण साखर निघाली तर पुढं काय? दवाखान्याची ओपीडी सकाळी. आमच्या बायका तेव्हा कामावर असतात. खाडा केला की पैसे कापतात. आधी संध्याकाळची ओपीडी मागू.” मशीन मी पिशवीतच ठेवलं.

अर्ज तिनंच लिहिला. आठवड्यातून निदान तीन दिवस संध्याकाळी सहा ते आठ, आणि साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या एकदम महिन्याच्या द्याव्यात, असा. खाली सह्या आहेत, आणि म्हाताऱ्या बायकांचे अंगठे. गेल्या मंगळवारी तो दिला आणि पोच घेतली. येत्या मंगळवारी अकरा वाजता त्या पुन्हा जाणार आहेत. मी मागच्या बाकावर असेन. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या, बाकावर जागा आहे.